चिंचवस्ती आणि खिल्लारेबाईंची लाल रेघ

खिल्लारेबाईंनी आयुष्यात एकही मोर्चा काढला नाही, याचा मला दोन वर्षं राग होता. मोर्चा सोडा, साध्या निवेदनावर त्यांनी कधी सही केली नाही. मी तेव्हा दर पंधरा दिवसाला एक पत्रक काढायचे. बस वेळेवर नाही, काढ पत्रक. शाळेला मास्तर नाही, काढ पत्रक. आणि ते टाइप करायला जायचे गंगाखेडच्या स्टँडमागे, बाईंच्या टायपिंग क्लासात. व्यवस्थेशी माझी गाठ पुढे पडायची ती पडायची, पहिली चकमक तिथंच व्हायची.

"ए पत्रक, इकडं ये." माझं नाव मनीषा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "ह्या एका वाक्यात चार उद्गारचिन्हं हायेत. तीन काढून ठेवलेत. पुढं लागतील तुला."

"बाई, वाचून लोक पेटले पाहिजेत."

"पेटतेत ना. स्टँडवरचा भजेवाला सांगत होता, पोरीचा कागद लय चांगला हाय, तेल पितो म्हणून."

क्लास म्हणजे खताच्या दुकानावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून सहा जुनी टायपिंग मशीन रेक्झिनच्या झाकणाखाली झोपलेली, आणि खिडकीशी दोन कम्प्युटर. कारखाना सुरू झाला की खालून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, जमीन हलायची आणि सहाच्या सहा मशीन झाकणाखाली किणकिणायची. "उठल्या गं बाया," असं म्हणून बाई त्यांच्याकडे बघायच्या. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्या मशीनांवर घडली होती. मी ज्या ज्या टेबलावर जाऊन भांडत असे, त्या त्या टेबलामागचा माणूस कधीतरी ह्या खोलीत बाईंची पट्टी खाऊन गेलेला असायचा.

बाईंच्या सवयी सांगायच्या तर कम्प्युटरला हात लावण्याआधी त्या साबणानं हात धुवायच्या, स्वयंपाकाला बसावं तसं. पडद्याला कुणी बोट लावलं की त्यांचा जीव जायचा. "लांबून दाखव. पापड वाळलाय का बघायलीस का?" आणि बोटं. समोरचा माणूस बोलत असला की बाईंची बोटं मांडीवर, पिशवीवर, टेबलाच्या कडेवर हलत राहायची. ऐकलेलं सगळं त्या टाइप करायच्या. मला आधी वाटायचं, बाईंचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नाही. मग एकदा नीट बघितलं तर माझं भाषण संपल्यावर त्यांनी मांडीवर करंगळीनं ठळक पूर्णविराम दिला.

क्लासात नवं पोर आलं की पहिल्या दिवशी धडा नसायचा. बाई त्याला कम्प्युटरपुढं बसवून म्हणायच्या, तुझं नाव टाइप कर, आडनाव कर, गाव कर. आधी मराठीत, मग इंग्रजी अक्षरांत. ते बिचारं एकेक अक्षर हुडकत टाइप करायचं आणि प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटायची. पोरं कसनुशी व्हायची. पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओळीत, स्वतःच्याच नावात चूक!

"चूक न्हाई ती," बाई सांगायच्या. "लाल रेघ म्हंजे मशीनला म्हाईत न्हाई. त्याला कुणी सांगितलंच न्हाई तर त्याला काय स्वप्न पडतंय का?"

मग माउसचं उजवं बटण दाबून तो शब्द त्या मशीनच्या शब्दकोशात घालायच्या. रेघ जायची. बाई म्हणायच्या, "आलं. आता मशीन तुला वळखतंय. चल, बोटं ठेव."

अशी वर्षानुवर्षांची गावं, वाड्या, तांडे, आडनावं त्या शब्दकोशात जाऊन बसली होती. जुना कम्प्युटर गेला, नवा आला, तरी बाई तो शब्दकोश पेनड्राइव्हवर घालून ह्यातून त्यात न्यायच्या, विरजण न्यावं तसा. मी एकदा म्हटलं, एवढा उद्योग कशाला, ती तपासणी बंदच करून टाका की.

"तुझं सगळं बंदच. रस्ता बंद, बाजार बंद, आता मशीन बी बंद. अगं, बंद केल्यानं त्याला कळतंय का काही? शिकव की त्याला."

एकदाच त्यांनी स्वतःचं सांगितलं, तेही हसत. वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. मुलगी झाली तेव्हा हौसेनं नाव ठेवलं सुजाता. शाळेत घालायला नेलं तर मास्तरांनी रजिस्टरात लिहिलं 'मंगळी'. का, तर असलं नाव तुमच्यात कधी ऐकलं नाही, आणि पोरगी आली मंगळवारी. वडील तीन दिवस शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. चौथ्या दिवशी मास्तरांनी खोडून सुजाता लिहिलं. "म्हाईत नसलेलं कापायची सवय मशीनच्या लय आधीची हाय," बाई म्हणाल्या, आणि मी त्यावर पत्रक काढीन ह्या भीतीनं लगेच चहा मागवला.

आजूबाजूला बाईंची ख्याती होती ती मात्र वेगळ्याच कारणासाठी. स्लाइडवरच्या लाल रेघा घालवणाऱ्या बाई. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक लॅपटॉप काखेत मारून जिना चढून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं कुठंतरी सादरीकरण होतं, आणि इंग्रजीतला शब्दन् शब्द लाल. बाईंनी हात धुतले आणि फाइल उघडली. प्राध्यापकांनी प्रत्येक ओळीखाली पांढरी चौकोनी पट्टी काढून रेघ झाकली होती. स्लाइडला पिवळा रंग असल्यामुळं प्रत्येक ओळ पट्टीवर निजली होती.

"सर, काय झालं हो हिला? कुठं धडकली?"

"रेघा जात नव्हत्या बाई. म्हणून..."

"म्हणून मलमपट्टी केली." बाईंनी पडद्याच्या तळाच्या बारीक ओळीकडं हातातली लाकडी पट्टी रोखली. "सर, तिथं काय लिहिलंय?"

प्राध्यापक वाकले. "पोर्तुगीज."

"पोराचा गणिताचा पेपर हिंदीच्या मास्तरला दिला आणि गणितात नापास झालं म्हणून पोराला मारायलेत तुमी."

भाषा बदलायला पाच मिनिटं लागली. पट्ट्या सोडायला तासभर. निघताना प्राध्यापक माझ्याकडं बघून म्हणाले, "कुठं सांगू नका." आज सांगितलं. नाव दिलेलं नाही.

आता चिंचवस्ती. गंगाखेड तालुक्याच्या कडेला नाल्यापलीकडची वस्ती. शाळा सातवीपर्यंत, तीही एका खोलीची. पुढं शिकायचं तर नाला ओलांडून फाट्यावर, तिथून पुन्हा दूर गंगाखेडच्या हायस्कुलाला. पोरं सायकलीवर जायची. मुली सातवीनंतर घरी. त्या वर्षी सात मुली सातवी पास झाल्या होत्या, त्यांतली अश्विनी माझ्या मावशीची. तिच्या वडिलांनी मला रोखठोक सांगितलं, "बस आली तर शाळा. न्हाईतर दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊस तोडायला. एकटी घरी ठेवून जाऊ का?" त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. म्हणून मी बसवर चिडले.

शाळेच्या मुलींसाठी बस सुरू होणार होती. कुठल्या कुठल्या गावांत जाणार, ते एका समितीच्या बैठकीत ठरणार होतं. मी अर्ज दिला, आठवण दिली, पत्रक तर दिलंच. वस्तीचं नाव यादीत घेतल्याचं मला तोंडी सांगितलं गेलं. बैठकीच्या आदल्या दिवशी मी यादीची प्रत मागायला गेले. प्रिंटर बंद होता. कारकून कदम भाऊसाहेबांनी पेनड्राइव्हवर अख्खी पीपीटीच घालून दिली. ती मी बाईंच्या कम्प्युटरवर उघडली. तालुक्याची गावं ओळीनं. चिंचवस्ती नाही. अजून दोन वस्त्या नाहीत.

मी उभ्या उभ्या घोषणा केली की उद्या सकाळी कार्यालयापुढं ठिय्या.

"ठिय्या उद्या दे," बाई म्हणाल्या. "आज बस. खाली चिंचवस्ती टाइप कर. इंग्रजी अक्षरांत, यादीत हाय तशी."

मी केली. बाईंच्या मशीनवर रेघ उमटली नाही.

"ह्या मशीनला कशी काय माहीत?"

"रुक्मिणी शिकून गेली की इथं. ह्याच वस्तीवरची. दोन तास चालत यायची. आता नांदेडला दवाखान्यात कामाला हाय." बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. "ती चालत आली म्हणून सगळ्यांनीच चालत यावं असं थोडंच हाय." मग चष्मा वर करून त्या पडद्याच्या तळाशी बघू लागल्या आणि बघता बघता हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या. "ए पत्रक, चपला घाल. कदमकडं जायचंय."

कार्यालयाचं नाव सांगत नाही. बाई दारात दिसताच कदम भाऊसाहेब ताडकन उभे राहिले. केस पिकलेला माणूस, पण दोन्ही हात मागं लपवले.

"बोटं दाखव."

"बाई, आता कुठं..."

"दोनच चालत्यात ना अजून? म्हाईत हाय. ते राहू दे. चिंचवस्ती कुठं गेली?"

कदमांनी माझ्याकडं रागानं आणि बाईंकडं काकुळतीनं बघितलं. "बाई, माझी चूक न्हाई. साहेबांना लाल रेघ चालत न्हाई. मागच्या मीटिंगला सगळ्यांपुढं बोलले, लाल दिसलं की त्रुटी समजायची आणि काढून टाकायचं. आता ह्यात सगळ्या गावांखाली लाल! मंग मी एकेक गाव रजिस्टरात बघितलं. रजिस्टरात सापडलं की मशीनला सांगितलं, बाबा हे खरं हाय. रेघ गेली. ह्या तीन वस्त्या रजिस्टरात स्वतंत्र न्हाईत. मशीन बी न्हाई म्हणायलंय. दोघांचं एकमत झालं, मंग मी कोण?"

मी तोंड उघडलं. बाईंनी पट्टी आडवी धरली.

"आणि वरचे शब्द? रूट, व्हिलेज, डिस्टन्स. त्यांच्याखाली रेघ न्हाई?"

"न्हाई. म्हणून तर मला वाटलं मशीन बराबर हाय."

"खाली बघ. काय लिहिलंय?"

कदमांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "फ्रेंच?"

"ते तीन शब्द फ्रेंचांत बी चालत असतील, म्हणून माना वर करून बसलेत. फाइल कुठनं आली ही?"

"वरनं आली, नमुना म्हणून. बाहेरच्या कुठल्यातरी ट्रेनिंगवाल्यांनी केलेली. मी फक्त गावं भरली."

"म्हंजे आपल्या तालुक्यात कोणती वस्ती हाय न् कोणती न्हाई हे फ्रान्सचा मास्तर ठरवायलाय. आणि तू इथं बसून त्याची कारकुनी करायलास."

कदम खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "पण त्याला काय म्हाईत चिंचवस्ती?" आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी बाईंसाठी खुर्ची मोकळी केली.

बाईंनी कोपऱ्यातल्या माठापाशी हात धुतले आणि बसल्या. त्या प्रोग्रामची खोड अशी की अख्ख्या फाइलला एक भाषा नसते. प्रत्येक चौकटीची भाषा आपापली. शीर्षक सुधारलं तरी खालचा तक्ता फ्रेंचच राहतो, तक्ता सुधारला तरी स्लाइडखालच्या टिपणांत फ्रेंच लपून बसतं. बाई घरोघरी डोस पाजत जाणाऱ्या नर्ससारख्या एकेक चौकट उघडून भाषा बदलत गेल्या. "एक घर राहिलं की साथ परत येती." शेवटी पेनड्राइव्हवरचं आपलं विरजण त्या मशीनमधे घातलं. तिन्ही वस्त्या जागेवर टाइप केल्या. एकाखालीही रेघ नाही.

"पण रजिस्टर?" कदम कुजबुजले.

"चिंचवस्तीसमोर टीप टाक. 'रजिस्टरात नोंद नाही. मुली सात.'"

"असं कसं लिहू बाई?"

"खोटं हाय का?"

कदमांनी दोन बोटांनी टाइप केलं. मग बाईंनी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मी परत आले तेव्हा बाई पदराला हात पुसत होत्या आणि चेहरा एवढा भोळा होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मी बसची मागणी करणारी म्हणून, आणि बाई 'पीपीटी अडली तर असाव्यात' म्हणून, अशा दोघी मागच्या खुर्च्यांवर होतो. ह्या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. स्लाइड पूर्ण पडद्यावर कुणी लावतच नसे. साहेबांना भर सभेत दुरुस्त्या सांगायची हौस. त्यामुळं भिंतीवर सगळा संसार दिसायचा, वर बटणांची रांग, डावीकडं छोट्या स्लाइडांची माळ आणि मधे उरलेल्या जागेत मूळ स्लाइड.

पहिली स्लाइड आली. सगळं स्वच्छ. आणि तळाशी, 'सादरकर्ते'च्या पुढं, साहेबांच्या नावाखाली टळटळीत लाल रेघ. अख्ख्या भिंतीवर तेवढी एकच.

"कदम, हे काय आहे?"

"साहेब... लाल रेघ."

"ते मला दिसतंय. लाल दिसलं की काय करायचं सांगितलं होतं मी?"

"काढून टाकायचं, साहेब."

"मग?"

कदम भाऊसाहेब आज्ञाधारक माणूस. त्यांनी बाण तिथं नेला, नाव धरलं आणि बटण दाबलं. साहेब भिंतीवरून गेले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच. साहेबांचे कान लाल झाले. कदमांना काय केलं ते कळेपर्यंत खिल्लारेबाई उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, कदमवर रागावू नका. मशीनला तुमचं नाव म्हाईत न्हाई, एवढंच झालंय. म्हणून तुमी न्हाईत असं थोडंच हाय? समोर बसलेत की, धडधाकट. चिंचवस्ती बी तशीच हाय. फरक एवढाच, तिला इथवर यायला बस न्हाई."

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या बाई," कदम म्हणाले. आणि खरं सांगते, वेगवेगळ्या टेबलांचे अजून चारजण आपोआप उभे राहिले. "आमच्याही."

साहेब उशिरा हसले, पण हसले. पुढची स्लाइड आली. 'रजिस्टरात नोंद नाही. मुली सात.' ती त्यांनी दोनदा वाचली. नाल्यावर बस जात नाही, फाट्यापर्यंत घ्या, असं म्हणाले. कदमांनी तिथल्या तिथं टाइप केलं. फाट्यावरून वस्ती दहा मिनिटांची चाल.

बाहेर आल्यावर मी चिडलेलीच. नाल्यावर पूल का नाही? आणि बाई, ती रेघ तुम्ही ठेवली ना?

"ठेवली न्हाई. कदमनं साहेबाचं नाव आधीच मशीनला सांगून ठेवलं होतं, ते मी काढलं. माझ्या क्लासात न आलेल्या माणसाला माझ्या शब्दकोशात कशाला?" चार पावलं चालून त्या म्हणाल्या, "एफ फाइव्हचं बटण दाबलं असतं तर पूर्ण पडद्यावर एकबी रेघ दिसत न्हाई. कुणाचीच."

"मग हे त्यांना इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

"रेघ झाकली असती. वस्ती कागदावर आली असती का?" मग माझ्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "पुलाचं पत्रक काढ. माझ्याकडं ठेवलेली उद्गारचिन्हं घेऊन जा सगळी. ह्याला लागतील."

टायपिंगला पोरं येईनाशी झाली तशी बाईंनी पुढच्या उन्हाळ्यात क्लास आवरला. मशीन कुणाकुणाला देऊन टाकली, शब्दकोशाची एक प्रत कदमांकडं, एक माझ्याकडं. मुलीकडं नांदेडला कायमच्या निघाल्या, त्या सकाळी मी स्टँडवर पोहोचवायला गेले. एकच पिशवी, मांडीवर. आठवडाभरापूर्वी शाळा सुरू झाली होती. बाईंची गाडी हलायला आली आणि फाट्याहून हायस्कुलाच्या मुलींना घेऊन आलेली बस शेजारी येऊन लागली. अश्विनी आणि बाकीच्या सहा जणी खिडक्यांतून डोकं काढून बघायला लागल्या.

बाईंनी खिडकीतून विचारलं, "नाव काय गं?" एकीनं सांगितलं, मग दुसरीनं, मग सगळ्याच एकदम ओरडायला लागल्या. बाईंची बोटं खिडकीच्या गजावर चालायला लागली, दहाच्या दहा.

"आणि गाव?"

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. अश्विनीनं सांगितलं ते ऐकू गेलं नाही. बाईंनी कानाला हात लावला. गाडी मागं सरकत होती. अश्विनी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "चिंचवस्तीऽऽ!"

स्टँडवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. भजेवाल्यानंसुद्धा. गाडी वळली तेव्हा बाईंची बोटं गजावर चाललेली मला दिसली, मग थांबली. आवाज आला नाही, पण ओठ हलले ते कळले.

"आलं."